मोरारचा प्लॉट, चार पट्ट्या आणि पुढचा बाक

प्रश्न: आम्ही ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो. लेक यंदा बारावीत आहे, गणित-फिजिक्स घेऊन. महाराजपुऱ्याहून उडणारी मिराज विमानं बघतच ती मोठी झाली, त्यामुळे वायुसेनेशिवाय दुसरं काही बोलत नाही. इंदूरचे माझे मेहुणे, म्हणजे तिचे मामा, म्हणतात की वायुसेनेत लाखभर पगार आणि एअरलाइनचा कॅप्टन आठ लाख घेतो. ग्वाल्हेरातल्याच मोरार भागातला प्लॉट विका, साठ लाखांत मुलगी पायलट. वर असंही म्हणतात की वायुसेनेत वीस वर्षांनी ‘ग्रुप कॅप्टन’ होणार, इथे सहा वर्षांत कॅप्टन. मुलीची उंची पाच फूट चार आहे, अभ्यासात बरी आहे. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून गेल्या वर्षापासून पुढच्या बाकावर बसते, बाकी तब्येत ठणठणीत. हुद्दे, अनुभव आणि पगार यांचा हिशेब एकदा नीट सांगा. प्लॉट विकू का?
– एक वडील, ग्वाल्हेर

उत्तर: पगाराचं सविस्तर सांगतो, पण पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही ‘बाकी तब्येत ठणठणीत’च्या आधी उरकून टाकली आहे. फळ्यावरचं धूसर दिसतं याचा अर्थ बहुतेक वेळा उणे (मायनस) नंबर. वायुसेनेच्या फ्लाइंग ब्रँचला एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ नजर लागते, आणि तो ६/९ चा डोळा चष्म्याने ६/६ होणंही अधिक (प्लस) नंबरापुरतंच चालतं. उणे नंबर चालत नाही. एअरलाइनच्या पायलटला चष्मा चालतो, चष्म्यासह नजर पूर्ण आली म्हणजे झालं. म्हणजे मामा आणि भाची यांच्या वादाचा निकाल कदाचित डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतच लागेल.

तेव्हा या आठवड्यात तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानातलं मशीन पुरणार नाही. डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासणी करा असं स्पष्ट सांगा, कारण या वयात डोळा स्वतःला ताणून नंबर कमी-जास्त दाखवतो. रंगदृष्टीही तपासून घ्या. त्यातला दोष असेल तर वायुसेनेचं फ्लाइंग संपलं आणि एअरलाइनचीही अडचण झाली. नंबर निघालाच, तर लेझर करून मोकळं होण्याची घाई करू नका. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली अशी शस्त्रक्रिया भरतीच्या वैद्यकीय तपासणीत चालत नाही.

दुसरी गोष्ट उंची. पाच फूट चार म्हणजे १६२.५६ सेंटिमीटर आणि फ्लाइंगला किमान हवी १६२.५. अगदी काठावर. घरी भिंतीला टेकवून, अनवाणी, सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि सकाळी मोजा. दिवसभरात माणूस थोडा दबतो. उंचीइतकंच बाकीच्या मापांनाही महत्त्व आहे. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडी ६४ पेक्षा जास्त नको, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. ही मापं कॉकपिटच्या खुर्चीवरून आणि पेडलच्या अंतरावरून ठरलेली आहेत. व्यायामाने ती बदलत नाहीत, आणि उंचीत बसणारी मुलंमुली पायाच्या लांबीत अडकतात असं होतं.

आता हुद्दे. मेहुण्यांचा घोटाळा ‘कॅप्टन’ या शब्दाने केला आहे. भूदलातला कॅप्टन म्हणजे वायुसेनेतला फ्लाइट लेफ्टनंट, कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यानंतर दोन वर्षांत होतो. ग्रुप कॅप्टन म्हणजे भूदलातला कर्नल. एअरलाइनमधला कॅप्टन मुळात हुद्दाच नाही; त्या विमानाची जबाबदारी ज्याच्या सहीवर आहे, डाव्या खुर्चीत जो बसतो, तो कॅप्टन. गंमत म्हणजे दोघांच्याही गणवेशावर चारच पट्ट्या दिसतात, म्हणून लग्नसमारंभात असे हिशेब होतात.

वायुसेनेची उतरंड अशी: फ्लाइंग ऑफिसर, दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंतची बढती वर्षांवर मिळते, मात्र ठरलेल्या परीक्षा पास व्हायला हव्यात आणि अहवाल नीट हवेत. त्यापुढे ग्रुप कॅप्टन निवडीने होतात. निवड झाली नाही तर सव्वीस वर्षांच्या सेवेवर तो हुद्दा मिळतो. वर एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, आणि सगळ्यांच्या वर एकच एअर चीफ मार्शल.

पण खांद्यावरचा हुद्दा आणि आकाशातली लायकी या तिथे दोन वेगळ्या वह्या आहेत. पायलटला उड्डाणाची श्रेणी वेगळी मिळते, ढगात आणि रात्री फक्त उपकरणांवर उडवण्याचं कार्ड वेगळं असतं: आधी व्हाइट, मग ग्रीन, मग मास्टर ग्रीन. त्यानंतर दोन विमानांचं नेतृत्व, चार विमानांचं नेतृत्व, प्रशिक्षक होणं. तुमच्याच गावात टॅकडे नावाची संस्था आहे, जिथे निवडक फायटर पायलटांना लढाईचे डावपेच शिकवतात. तिथे कोण पोहोचतं ते पट्ट्यांवरून कळत नाही. आणि हुद्दा जसजसा वाढतो तसतसा माणूस कॉकपिटमधून टेबलाकडे सरकतो. स्क्वाड्रनमध्ये काही वर्षं, मग मुख्यालय, मग कोर्स, मग पुन्हा स्क्वाड्रन. ग्रुप कॅप्टनच्या पुढे रोजचं उडणं जवळपास थांबतं.

एअरलाइनमध्ये उलट. ट्रेनी फर्स्ट ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर (उजव्या खुर्चीतला सहवैमानिक), सीनियर फर्स्ट ऑफिसर, कॅप्टन, मग लाइन ट्रेनिंग देणारा कॅप्टन, इन्स्ट्रक्टर, एक्झामिनर. सगळेच उडत राहतात, वयाच्या पासष्टीपर्यंत, आणि पगाराचा एक भाग उडण्याच्या तासांवरच असतो. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की पगाराचे आकडे आपोआप लागतात.

वायुसेनेचा आकडा सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातून काढता येतो. फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१००. त्यात सैन्यसेवा वेतन १५,५००, झाले ७१,६००. या दोन्हींवर महागाई भत्ता लागतो. तो २०२५ च्या जुलैपासूनच्या दराने ५८ टक्के धरला तर ४१,५२८. आयोगाने ठरवलेला फ्लाइंग भत्ता २५,००० जोडला की एकूण १,३८,१२८. शिवाय राहायला जागा किंवा घरभाडं, मेस, वैद्यकीय सोय. प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षातही ५६,१०० विद्यावेतन मिळतं. फ्लाइट लेफ्टनंटचं मूळ वेतन ६१,३०० पासून, स्क्वाड्रन लीडरचं ६९,४०० पासून, आणि विंग कमांडरला एकदम मोठी उडी: १,२१,२०० पासून. त्याच रीतीने विंग कमांडरची बेरीज केली तर २,४०,००० च्या थोडी वर जाते.

एअरलाइनचा पगार दोन तुकड्यांचा. एक ठरलेला, दुसरा तासांवरचा. करारात ‘हमीचे तास’ असतात: कंपनीने उडवलं नाही तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळणार. मेहुण्यांना विचारा की आठ लाख म्हणताना किती तास धरलेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या एअरलाइनमध्ये हे हमीचे तास ७० वरून ४० वर आणणाऱ्या नव्या करारावरून पायलट बिथरले आणि बरीच उड्डाणं रद्द झाली. तासाचा दर समजा दोन हजार असेल, तर तीस तास कमी म्हणजे महिन्याला साठ हजारांची हमी गेली. म्हणून करार हातात आला की आधी हमीचे तास बघायचे, मग दर, मग बॉंडची (मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची) रक्कम. मूळ पगार सगळ्यात शेवटी.

ढोबळ आकडे असे धरा: ट्रेनी असताना लाखाच्या आत, फर्स्ट ऑफिसर झाल्यावर दीड ते तीन लाख, कॅप्टन चार ते आठ लाख, कंपनी, विमान आणि तास यांवर बदलतं. म्हणजे मेहुणे खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांनी वायुसेनेचा पहिला महिना आणि एअरलाइनचं दहावं वर्ष शेजारी ठेवलं आहे.

पहिला महिना पहिल्या महिन्याशेजारी ठेवू. कमर्शियल पायलट लायसन्सला भारतात साधारण ४५ ते ६० लाख लागतात. त्यावर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या एका विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, १५ ते २५ लाख. हा दुसरा खर्च तुमच्या मेहुण्यांच्या साठ लाखांत दिसत नाही, आणि त्याशिवाय कोरं लायसन्स घेऊन नोकरीच्या रांगेत उभं राहावं लागतं. काही एअरलाइन्सचे कॅडेट कार्यक्रम दोन्ही एकत्र देतात, पण ते एक कोटीच्या आसपास किंवा वर जातात. समजा ८० लाख कर्ज, ११ टक्क्यांनी, १० वर्षं: महिना हप्ता सुमारे १,१०,०००. फर्स्ट ऑफिसरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पगारातून कर आणि हा हप्ता वजा केला की हातात उरतं ते फ्लाइंग ऑफिसरपेक्षा कमी. कॅप्टन झाल्यावर मात्र चित्र पालटतं आणि मग वायुसेना कधीच गाठू शकत नाही, हेही तितकंच खरं.

कॅप्टन कधी? लायसन्सला किमान २०० तास लागतात. त्यात १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, १० तास उपकरणांवर, ५ तास रात्रीचे. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स, एटीपीएल: वय २१ आणि १,५०० तास. कंपन्या सहसा यापेक्षा बरेच जास्त, तीन हजारांच्या आसपास तास मागतात. एअरलाइनमध्ये वर्षाला १,००० तासांची कायदेशीर मर्यादा आहे. प्रत्यक्षात सातशे-आठशे भरतात. म्हणजे चार-पाच वर्षांत तास होतात, पण डाव्या खुर्च्या रिकाम्या हव्यात. कंपनी वाढत असेल तर लवकर, नाहीतर रांग. आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट २०२३ च्या मे मध्ये बंद पडली. दुसऱ्या कंपनीत गेलं की ज्येष्ठता पहिल्यापासून सुरू. मनाने सोडायचं म्हटलं तरी फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस, हा डीजीसीएचाच, म्हणजे नागरी विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचाच, नियम आहे.

‘आधी वायुसेना, मग एअरलाइन’ हे गणित अनेक घरांत मांडलं जातं, म्हणून तेही सांगतो. फायटर पायलटचे तास कमी भरतात, वर्षाला दोनशेच्या आतबाहेर, कारण एक उड्डाण तासाभराचं असतं. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची, चौदा वर्षं संपली की हातात दीड-दोन हजार तास, वय छत्तीस-सदतीस, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे. एअरलाइनमध्ये सुरुवात बहुधा उजव्या खुर्चीत, अठ्ठावीस वर्षांच्या कॅप्टनशेजारी. मालवाहू विमानांच्या पायलटचे तास कितीतरी जास्त आणि एअरलाइनला जवळचे, म्हणून त्याची वाट सोपी. हेलिकॉप्टरचे तास विमानाच्या लायसन्सला सरसकट जमेस धरत नाहीत. आणि तीनपैकी कुठला प्रवाह मिळेल हे पायलट एकटा ठरवत नाही. हैदराबादजवळ दुंडिगलला, वायुसेनेच्या अकादमीत, सगळे पिलाटस विमानावर सुरुवात करतात, मग गुणवत्ता आणि गरज पाहून वाटणी होते. पेन्शन हवी तर पर्मनंट कमिशन आणि किमान वीस वर्षं.

एक फरक पगारपत्रकात दिसत नाही. उद्या कानाचा, पाठीचा, रक्तदाबाचा त्रास निघाला आणि उडणं बंद झालं, तर वायुसेनेत हुद्दा आणि वेतन राहतं, जमिनीवरचं काम मिळतं. एअरलाइनमध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं की लायसन्स वापरता येत नाही, आणि तासांचे पैसे त्याच दिवशी थांबतात. त्यासाठी ‘लॉस ऑफ लायसन्स’ विमा असतो. कंपनी किती रकमेचा देते ते नोकरी घेताना विचारायचंच, आणि कर्जाच्या रकमेइतका तरी असावा.

आता तुमच्या मुलीपुरतं. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला बसलेलं चालतं. मुलींना २०२२ पासून तिथे प्रवेश आहे, पण अलीकडच्या जाहिरातींत वायुसेना फ्लाइंगच्या ९२ जागांपैकी मुलींना २. फॉर्म जरूर भरावा, त्याच्यावर घर बांधू नये. तिच्यासाठी खरं दार आहे एएफकॅट, म्हणजे पदवीनंतरची वायुसेनेची प्रवेश परीक्षा: पदवी ६० टक्क्यांनी, बारावीला गणित आणि फिजिक्समध्ये ५० टक्के, वय २० ते २४. परीक्षा सोपी वाटते: १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. पण चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, त्यामुळे अंदाजे गोळ्या मारणारे तिथेच पडतात. रीवा जिल्ह्यातल्या अवनी चतुर्वेदी २०१६ मध्ये पहिल्या तीन महिला फायटर पायलटांत होत्या. मध्य प्रदेशातल्या मुलीला हे दार नवं नाही.

मुलाखतीच्या बोर्डात फ्लाइंगच्या उमेदवारांची सीपीएसएस नावाची संगणकावरची चाचणी होते: हातात दांडी, पायात पेडल, समोर पडद्यावर सरकणारी खूण, त्याच वेळी दिव्यांना आणि आवाजांना प्रतिसाद. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वायुसेनेचं फ्लाइंग कायमचं बंद, मग एनडीए असो की एएफकॅट. म्हणून ‘अनुभवासाठी बसून बघ’ हा सल्ला इथे महाग पडतो. जाण्याआधी तिला उपकरणांची घड्याळं वाचता आली पाहिजेत: उंची, वेग, दिशा, विमानाचा कल. रात्रभर जागून प्रवास करून थेट चाचणीला जाऊ नये.

म्हणून बारावीनंतर तिला बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला घाला, शक्यतो एनसीसीची एअर विंग असलेल्या कॉलेजात. ‘सी’ प्रमाणपत्रावर वेगळी भरती असते. पदवी एअरलाइनला सक्तीची नाही, पण वैद्यकीय गेलं तर तीच कामाला येते.

आणि डोळ्यांत उणे नंबर निघाला, एअरलाइनच करायची ठरली, तर क्रम पाळा. आधी डीजीसीएचं क्लास २ वैद्यकीय प्रमाणपत्र, मग क्लास १. क्लास १ हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया देऊ नका. फी भरल्यावर हृदयाच्या आलेखात किंवा कानात काहीतरी निघतं आणि परताव्यासाठी चकरा सुरू होतात. त्या वाट पाहण्याच्या काळात लेखी विषय करून घ्या: नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल, आणि रेडिओचं लायसन्स. पहिल्या चार विषयांत पासाला ७० टक्के लागतात. लेखी न करता उडायला गेलेली मुलं तिथे हॉस्टेलचं भाडं भरत अभ्यास करतात.

स्कूल निवडताना एकच गणित करा. उडण्याजोगी विमानं किती? रांगेत उभी असलेली मोजू नका. समजा चार, महिन्याला प्रत्येकी ८० तास, म्हणजे ३२० तास. विद्यार्थी ६०. वाट्याला महिना सव्वापाच तास. २०० तासांना तीन वर्षांहून जास्त, माहितीपत्रकात जरी दीड वर्ष लिहिलं असलं तरी. त्यात पावसाळा आणि आपल्याकडचं डिसेंबर-जानेवारीचं धुकं धरा. डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांची श्रेणी जाहीर करते, ती बघा, पण सध्या शिकणाऱ्या दोघांना ‘गेल्या महिन्यात किती तास झाले’ हे विचारणं जास्त उपयोगी. एकरकमी सवलतीला भुलू नका. हप्ते उडालेल्या तासांना बांधून घ्या. आणि कोणी लॉगबुकात ‘थोडे तास भरून’ द्यायला निघालं तर उठून या. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणं निघाली तेव्हा लायसन्सं गेली, अटका झाल्या.

प्लॉट तूर्त विकू नका. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतातच. तो प्लॉट गहाण ठेवूनही काम होतं आणि मालकी राहते. मात्र शिकण्याच्या काळातलं व्याज चढत राहतं, ते दरमहा भरता आलं तर भरा. त्याची कागदपत्रं, नामांतरण, नकाशा काढून ठेवायला हरकत नाही, मोरारच्या कामाला वेळ लागतोच. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि थेंब घातल्यावर बरेच तास नीट वाचता येत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिचा पेपर नाही ना, एवढं बघा.